नागपुरात ट्रॅकसाठी एस्टीम बांधतोय : पार्ट कुठून आणले, कसे बसवले आणि आता ब्रेकपाशी अडलोय

हिंगणा_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सव्वा वर्षापासून घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये २००४ ची मारुती एस्टीम उभी आहे. ती फक्त रेसच्या ट्रॅकवर चालवायला तयार करतोय. रस्त्यावर ती पुन्हा उतरणार नाही. हे आधीच लिहितो, कारण मागे एका ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा पहिला प्रश्न आला, "समृद्धीवर किती पळते?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) घातलेली, आतून सोललेली गाडी रस्त्यावर नेणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. नोंदणी रद्द करून घेतली, एमएच ३१ ची पाटी उतरवली. जायचं तिथे ट्रकवर चढून जाईल.

एस्टीमच का, तर वजन नऊशे किलोच्या आत, इंजिनाची रचना सोपी, आणि १९९४ ते २००७ इतकी वर्षं विकली गेल्यामुळे पार्ट अजून मिळतात. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८५ हॉर्सपॉवर. आज हे आकडे लहान वाटतील. पण शिकणाऱ्याला पुरून उरतात.

पार्ट कुठून आणले ते थोडक्यात. सर्व्हिसचं नवं सामान, म्हणजे सील, बेअरिंग, पॅड, होज, घाट रोडच्या दुकानांतून. नट-बोल्ट, पत्रा, नळी इतवारीच्या लोहा ओळीतून. बॉडीचे आणि जुने पार्ट भंगारातून, काही नागपूरच्या, काही बाहेरच्या. दिल्लीचं मायापुरी, मुंबईचं कुर्ला, चेन्नईचं पुदुपेट, तिन्ही बाजारांतून फोनवर बोलून माल मागवला आणि वाडीच्या ट्रान्सपोर्टमधून उचलला. नागपूर देशाच्या मध्यावर आहे याचा मला झालेला खरा फायदा हाच. माल कुठूनही निघाला तरी वाडीला उतरतोच.

आता अडचण. पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) जाम होते, म्हणून भंगारातल्या दुसऱ्या एस्टीमचे कॅलिपर आणले. पिस्टन काढून साफ केले, नवे सील, नवे पॅड, नवे होज. बसवल्यापासून पेडल मऊ आहे. दोन लिटर डॉट-४ ब्रेक ऑइल संपलं, तीन रविवार गेले, लाइनीतली हवा काही निघत नाही. निप्पलमधून (कॅलिपरवरची हवा काढायची तोटी) स्वच्छ ऑइल येतं, बुडबुडा नाही, तरी पेडल स्पंजासारखं. कोणी हे पाहिलं आहे का?

धंतोलीकर

मास्टर सिलिंडर (पेडलमागचा, ऑइल ढकलणारा) गेला असणार. बदलून टाका.

पाना_१४

गाडी मस्त. ब्रेक होतीलच, पण एक विचारतो. इतकं करून राहिला तर १.३ काहून ठेवलं? जुन्या बलेनोचं १.६ टाक नं. सुझुकीच्या एकाच जी सिरीजचं इंजिन आहे, विदर्भात कितीतरी जिप्सीवाल्यांनी टाकलं. हॉर्सपॉवर ९४ आणि खालचा टॉर्क वेगळाच.

हिंगणा_रोड

धंतोलीकर, मास्टर सिलिंडरवर माझाही संशय आहे. पण तोच बदलायचा हे सिद्ध झाल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत असं ठरवलंय. अंदाजाने बदललेल्या पार्टांचं एक खोकं आधीच शेडमध्ये पडलंय.

पाना_१४ भाऊ, १.६ चा मोह मलाही झाला. एक इंजिन बघायलाही गेलो होतो. आपल्या १.३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५.५. त्या १.६ चा बोअर ७५, स्ट्रोक थेट ९०. म्हणजे सगळी वाढ स्ट्रोकमध्ये, त्यामुळे ब्लॉकच उंच. ते टाकलं की माउंट, बॉनेटखालची जागा, एक्झॉस्ट, वायरिंग, सगळंच पुन्हा जुळवायला लागतं. आणि मिळणार काय, नऊ हॉर्सपॉवर. त्याच पैशांत सीट, बेल्ट, टायर आणि ब्रेक होतात. ज्याने कधी ट्रॅकवर एकही फेरी मारली नाही त्याने आधी थांबायचा खर्च करावा, पळायचा नंतर. इंजिन शेवटी.

पाना_१४

पटलं. पण मी असतो तर टाकलंच असतं.

जुना_फिटर

बेटा, मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बरीच वर्षं काढली. गाड्या मोठ्या होत्या, ब्रेक हवेचे होते, पण शोधायची रीत एकच. आधी हे सांग, पेडल "लांब" आहे की "मऊ" आहे? लोक दोन्हीला एकच समजतात.

लांब म्हणजे पेडल खाली जाते, पण जिथे थांबते तिथे दगडासारखे कडक. तेव्हा मागचे ड्रमचे शू ढिले असतात, अॅडजस्ट करायचे. मऊ म्हणजे दाबत गेलो की दाबत जाते, सोडले की वर येते. तेव्हा लाइनीत हवा किंवा होज फुगतो आहे. आणि तिसरा प्रकार, पाय दाबून ठेवला की हळूहळू आपोआप खाली बसत जाते. मास्टरचे रबर आतून ऑइल सोडत असले की असे होते. तुझे कोणते?

दुसरी गोष्ट. हवा काढताना पेडल तळापर्यंत मारू नको. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन रोज जेवढा चालतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो, पुढे गंज आणि गाळ. तळापर्यंत मारले की रबर त्या गंजावर घासते आणि चांगला मास्टर आपल्या हाताने खराब होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव.

हिंगणा_रोड

काका, नमस्कार. दुसरा प्रकार. मऊ. दाबून ठेवलं तर खाली बसत नाही, दोन मिनिटं धरून पाहिलं. ठोकळ्याचं माहीत नव्हतं, तीन रविवार तळापर्यंतच मारत होतो. आजच ठेवतो.

जुना_फिटर

मग मास्टर सध्या राहू दे. चारही होज एक एक करून बंद करून पाहा. होज क्लॅम्प मिळतो गोल दांड्यांचा, तो लाव. पक्कड लावू नको, आतला थर फाटतो. चारही बंद केल्यावर पेडल कडक झाले तर मास्टर आणि वरची लाइन ठीक. मग एक एक सोड. ज्याला सोडल्यावर मऊ पडते, चोर तिथे.

हिंगणा_रोड

केलं. चारही बंद : पेडल एकदम कडक, अगदी वर. मागचे सोडले : तसंच कडक. पुढचा डावा सोडला : मऊ. डावा बंद करून उजवा सोडला : तोही मऊ. म्हणजे दोष पुढच्या दोन्ही चाकांत आहे आणि सारखाच आहे. मास्टर सिलिंडर निर्दोष सुटला. पण दोन्हीकडे सारखाच दोष कसा? सील दोन्हीकडे नवे, होज दोन्हीकडे नवे. दोन्ही बाजूंचे फोटो टाकतोय.

सावनेर_नाका

पहिल्यांदाच लिहितो आहे इथे, रोज वाचतो. फोटोत निप्पल कॅलिपरच्या खालच्या अंगाला दिसतंय. दोन्हीकडे. निप्पल वरच पाहिजे. हवा हलकी, ती वर जाऊन बसते. तुम्ही खालून ऑइल काढताय, म्हणून ते स्वच्छ येतंय आणि हवा वर तशीच आहे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला आहे.

आणि होजही बघा, दोन्हीकडे थोडा पिळलेला दिसतोय. तोही त्याचमुळे.

जुना_फिटर

शाबास. मी फोटो मोठा करून पाहिलाच नव्हता. हेच आहे.

हिंगणा_रोड

सावनेर_नाका, तुम्हाला नमस्कार आहे! हेच होतं. भंगारवाल्याने दोन्ही कॅलिपर एका पोत्यात टाकून दिले होते, डावा-उजवा लिहिलेलं नव्हतं. बोल्टची भोकं दोन्हीकडे जुळली म्हणून मीही विचार केला नाही. अदलाबदल केली, निप्पल वर आले, दोन्हीकडून आधी फसफस करत हवा निघाली, मग ऑइल. अर्ध्या तासात पेडल दगड. शेडमध्ये एकटाच होतो, तरी मोठ्याने ओरडलो.

मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. जुना कॅलिपर काढताना तिथेच, गाडीवर असतानाच, खडूने किंवा पंच मारून डावा-उजवा लिहा. भंगारातून घेताना निप्पल वर धरून पाहा, पिस्टनची बाजू डिस्ककडे येते का. आणि काही कारणाने निप्पल वर येतच नसेल, तर कॅलिपर बोल्ट काढून हातात घ्यायचा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घालायची, निप्पल आकाशाकडे करून हवा काढायची आणि मग परत बसवायचा. पट्टी विसरलात तर पिस्टन बाहेर येऊन पडेल.

ऑइलबद्दल एक. डॉट-४ चा उत्कलनबिंदू नवं असताना कमीत कमी २३० अंश, आणि पाणी शोषलं की १५५ पर्यंत उतरतो. ते हवेतलं पाणी ओढतं. गेल्या पावसाळ्यातला उघडा डबा मी फेकून दिला. ट्रॅकवर लागोपाठ ब्रेक दाबले की कॅलिपर किती तापतो त्याचा विचार करा, तिथे ऑइल उकळलं की पुन्हा हेच मऊ पेडल, फक्त शेडमध्ये नाही, वळणाच्या तोंडावर.

धंतोलीकर

मी मास्टर सिलिंडर म्हणालो होतो. बरं झालं तुम्ही ऐकलं नाही. या धाग्यातून शिकलो.

कुर्लेकर_सध्या_पुण्यात

छान धागा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी बरंच सामान घेतलं आहे, म्हणून लांबून माल मागवणाऱ्यांसाठी दोन शब्द. फोनवर "एस्टीमचा पार्ट आहे का" असं विचारलं तर उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. माझी रीत अशी : पार्टावर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून, आकडा दिसेल असा फोटो मागायचा. कोणती मापं हवी ते आपण सांगायचं. शेजारी कागदावर आजची तारीख लिहिलेली हवी. जो दुकानदार हे करतो त्याला पैसे पाठवायचे. चिडला तर सोडून द्यायचं.

आणि गाडीचं मॉडेल नव्हे, पार्टावर कोरलेला नंबर विचारा. एकाच नावाच्या गाडीत कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (कंप्युटरने पेट्रोल फवारणारी) अशा दोन पिढ्या असतात.

हिंगणा_रोड

मनापासून सहमत. मी रबराचा आणि सुरक्षेचा कुठलाही पार्ट जुना घेत नाही. होज, सील, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेल्ट, हे सगळं नवंच. जुनं चालतं ते लोखंड, काच आणि बॉडी. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे जाणाऱ्या पाऱ्यात दुकानाच्या गच्चीवर पडलेला टायर नवा दिसला तरी नवा नसतो. नखासारखा चकाकणारा कडक रबर, तो घेऊ नका.

उमरेडकर

बोल्टांचं सांगा ना. मी माझ्या जुन्या झेनवर काम करतो आहे, गिअरबॉक्सच्या एका भोकाचे आटे मेले.

हिंगणा_रोड

उमरेडकर, माझेही मेले होते, आणि कारण बहुतेक तेच असणार. जपानी रचनेच्या गाड्यांत १० मिमीच्या बोल्टला बारीक आटे असतात, एम१० × १.२५. हार्डवेअरच्या दुकानात १० चा बोल्ट मागितला की हातात येतो तो एम१० × १.५. दोन-तीन फेरे तो जातो, आपल्याला वाटतं घट्ट आहे, पाना लावतो, आणि अॅल्युमिनियमचे आटे गेले. आता मी पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायची पट्टी) खिशात ठेवतो. जुना बोल्ट सोबत नेतो. लोहा ओळीत बारीक आट्यांचा बोल्ट मिळतो, पण तसं मागावं लागतं आणि दोन-तीन दुकानं फिरावी लागतात. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं बघा. काही कोरलेलं नसेल तर तो बोल्ट कुंपणाला वापरा, गाडीला नाही.

मेलेल्या भोकाला हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) बसवून घ्या. चांगल्या लेथवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम. मोठा बोल्ट घालून टॅप मारू नका, पुढच्या वेळी भोकाला भिंतच उरत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. सीट बेल्टचे बोल्ट बहुतेक गाड्यांत मिलिमीटरमध्ये नसतात, ते ७/१६ इंची यूएनएफ (बारीक इंची आट्यांचे) असतात. मला हे कळायला एक दिवस लागला. ११ मिमीचा बोल्ट शोधत फिरलो.

बाहा_टीम_माजी

मी कॉलेजात बाहाच्या (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायच्या स्पर्धेच्या) टीममध्ये होते, वेल्डिंग आणि फ्रेम माझ्याकडे होती. केजबद्दल काहीच लिहिलं नाहीत तुम्ही. नळी कोणती वापरली? सगळ्यात जास्त काळजी मला याचीच वाटते, कारण केज चुकीचा असला तर तो नसलेलाच बरा.

हिंगणा_रोड

ताई, बरं विचारलंत. एफआयए, म्हणजे मोटर स्पोर्टची जागतिक संघटना, तिच्या नियमांतल्या परिशिष्ट जे मधल्या अनुच्छेद २५३ प्रमाणे केलं. मुख्य कमान (चालकाच्या मागची) ४५ मिमी बाहेरचा व्यास, २.५ मिमी जाडी. बाकीच्या नळ्या ३८ × २.५. सीमलेस, कोल्ड ड्रॉन, साधं कार्बन स्टील. नळी शोधण्यातच पाच आठवडे गेले. दुकानात "दीड इंची सीमलेस" मागितली की पाण्याच्या-वाफेच्या कामाचा पाइप दाखवतात. त्याचं दीड इंच हे फक्त नाव, बाहेरून तो ४८.३ मिमी भरतो. पाइप नावाने विकतात, ट्यूब मापाने. हा फरक समजेपर्यंत एक लांबी विकत घेऊन बसलो होतो, ती आता शेडच्या दाराला लागली.

आणि काळा रंग मारलेली शिवणीची नळी सीमलेस म्हणून देऊ करणारेही भेटले. आत बोट घालून फिरवलं की शिवण लागते. पण बोटावर भरवसा ठेवू नका, टेस्ट सर्टिफिकेट मागा.

बाहा_टीम_माजी

छान. आता केजचे पाय. नळी थेट फ्लोअरच्या पत्र्यावर वेल्ड केली असेल तर अपघातात ती पत्रा फाडून खाली जाईल. पायाखाली कमीत कमी ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. बोल्टने जोडला असेल तर प्रत्येक पायाला कमीत कमी तीन, एम८, ८.८ ग्रेड.

बेल्टच्या खांद्याच्या पट्ट्या कुठे बांधल्या? मी पाहिलेल्या बऱ्याच घरगुती गाड्यांत त्या मागच्या फ्लोअरला बांधतात. तसं केलं की धडकेत पट्टा खांदा खाली ओढतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. त्या मागे जवळजवळ आडव्या जायला हव्यात, थोड्या खाली, दहा अंशांच्या आसपास चांगलं, ४५ च्या पुढे कधीच नाही. त्यासाठी कमानीत आडवी नळी टाकावी लागते.

हिंगणा_रोड

पायाच्या प्लेटा आहेत, १२ × १२ सेंमी, ३ मिमी. पट्ट्या मात्र मी मागच्या सीटच्या मूळ बेल्टच्या बोल्टांना लावायचं ठरवलं होतं. आज कोन मोजला, ५० च्या वर येतो. आडवी नळी टाकतो. तुम्ही विचारलं नसतं तर तसाच गेलो असतो.

सीट एफआयएच्या ८८५५-१९९९ या मानकाची आहे. कोणी जुनी सीट स्वस्तात देत असेल तर मागची चिठ्ठी वाचा, तिची मुदत बनल्यापासून पाच वर्षं. मला एक फारच सुंदर सीट अर्ध्या किमतीत मिळत होती, चिठ्ठीवर मुदत केव्हाच संपलेली.

जुना_फिटर

बेटा, व्हील बेअरिंग बदलले का? कसे बसवले?

हिंगणा_रोड

काका, उजवं बदललं. प्रेसवर दाबलं. दोन दिवसांनी हाताने फिरवलं तर खरखर. नवंच खराब निघालं असं वाटतंय, दुकानात परत नेणार होतो.

जुना_फिटर

नेऊ नको, दुकानदाराचा दोष नसेल. दाबताना जोर कोणत्या रिंगवर दिला? नकलमध्ये (चाकाचे बेअरिंग बसते तो लोखंडी भाग) बेअरिंग घालताना जोर बाहेरच्या रिंगवरच यायला पाहिजे. हब आत घालताना आतल्या रिंगला खालून आधार पाहिजे. तू आतल्या रिंगवर दाबून बाहेरची रिंग बसवली असेल तर सगळा जोर गोळ्यांतून गेला. गोळ्यांनी रिंगवर खड्डे पाडले. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला कळतात. आमच्याकडे अशा माणसाला एक महिना प्रेसला हात लावू देत नव्हते.

आता पुढचे असे कर. बेअरिंग पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. नकल साफ करून दुपारी टिनावर उन्हात ठेव. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. बेअरिंग आकसते, नकल फुगते, जोर निम्मा लागतो. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ग्राइंडरने थोडी बारीक करून दाबायला वापर, तीच सगळ्यात चांगली डाय.

हिंगणा_रोड

काका, आतल्या रिंगवरच दाबलं होतं. माझीच चूक.

दुसरं बेअरिंग आणलं, तुमच्या रीतीने केलं. हिशोबही करून पाहिला. साधारण ७० मिमी व्यासावर ६० अंशांचा फरक पडला तर स्टीलमध्ये ०.०५ मिमीचा फरक होतो. ऐकायला काहीच नाही, पण बेअरिंगची पकडच तेवढ्या मापाची असते. टिनावरची नकल हातात धरवत नव्हती, मोजे घालून उचलली. बेअरिंग जणू आपणच आत गेलं. फिरवलं तर आवाज नाही, लोण्यासारखं.

सेमिनरी_हिल्स

उन्हाचा विषय निघालाच आहे तर इंजिन तापण्याचं काय केलं? नागपूरच्या मे महिन्यात शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून पाहिलं का? माझा मेकॅनिक तर दर उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो.

हिंगणा_रोड

पाहिलं, आणि तापतंय. वेगळा टेम्परेचर मीटर लावलाय. उभ्या गाडीत पंधरा मिनिटांत १०५ च्या वर जातं, पंखा सुरू असूनही.

थर्मोस्टॅट मी काढणार नाही. ते काढलं की सुरुवातीला इंजिन वेळेवर गरम होत नाही. एमपीएफआय गाडीत कंप्युटरला इंजिन थंडच वाटत राहतं, तो पेट्रोल जास्त देत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं. आणि पूर्ण तापल्यावर थर्मोस्टॅट तसाही उघडाच असतो. तेव्हा गाडी तापत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

जुना_फिटर

यात मी तुझ्याशी पूर्ण सहमत नाही. जुन्या डिझेल गाड्यांत आम्ही काढत होतो आणि चालत होत्या. पण तुझी गाडी पेट्रोलची, कंप्युटरची. ठेव.

सावनेर_नाका

पंख्याच्या वायरी उलट तर नाहीत? डीसी मोटर उलटी जोडली तरी फिरते, पण हवा पुढे फेकते. रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला तर बरोबर, उडाला तर उलट.

हिंगणा_रोड

कागद चिकटला. वायरी बरोबर आहेत. पण बघा, कागद फक्त पंख्याच्या गोलासमोर चिकटतो. रेडिएटरच्या कोपऱ्यांत धरला तर पडतो. कारण पंख्याचं प्लास्टिकचं आवरण नाही. गाडी घेतली तेव्हापासूनच नव्हतं, पंखा दोन पट्ट्यांवर टांगलेला होता. आवरण नसलं की पंखा स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो, बाकीचा रेडिएटर नुसता उभा.

तात्पुरता पुठ्ठा आणि टेप लावून आवरण केलं आणि पुन्हा चालवलं. ९६ वर थांबलं! पुठ्ठ्याचं आवरण. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा केलं, ९७.

पुढच्या बाजूला रेडिएटर आणि बंपर यांच्यामधल्या फटीही अॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करतोय. गाडी पळताना समोरून आलेली हवा फटीतून निसटायला नको, रेडिएटरमधूनच जायला हवी. रेडिएटरची टोपी नवी, ०.९ दाबाची. तिचं रबर गेलं तर दाब राहत नाही आणि आतलं पाणी लवकर उकळतं. लोक हजारोंचा रेडिएटर बदलतात आणि टोपी जुनीच ठेवतात.

पाना_१४

कुठे नेणार पहिल्यांदा?

हिंगणा_रोड

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ट्रॅकवर. ३.७ किलोमीटरची फेरी. कोईम्बतूरचा कारी ट्रॅकही मनात आहे, पण तो आणखी लांब. नागपूरहून चेन्नई हजार किलोमीटरच्या वर. वाडीहून गाड्या वाहणाऱ्या ट्रकचं बोलणं सुरू आहे. त्याआधी आडवी नळी, बेल्ट, आग विझवायचं सिलिंडर आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरीचा स्विच, एवढं व्हायला हवं.

घरी बाबा रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. काल म्हणाले, पेडल मी दाबून बघू का. दाबलं. म्हणाले, आता जा.

एक विनंती आहे. पुठ्ठ्याचं आवरण घेऊन ट्रॅकवर जायचं नाही. एस्टीम एमपीएफआयच्या रेडिएटर पंख्याचं आवरण नागपूर, वर्धा, भंडारा, अमरावती, कुठेही असेल तर सांगा. घाट रोडला नाही, भंगारात तीन ठिकाणी पाहिलं, कुठे अर्धं तुटलेलं, कुठे कार्ब्युरेटरच्या गाडीचं.

सावनेर_नाका

माझ्याकडे आहे. एमपीएफआयचं, पंख्यासकट, तुटलेलं नाही. गाडी भंगारात देताना काढून ठेवलं होतं, लागेल म्हणून. पैसे नको. रविवारी सकाळी या, सावनेरला. आणि चार बोल्टच्या भोकांमधलं अंतर आधी तुमच्या रेडिएटरवर मोजून घ्या, मी इकडे माझं मोजून रात्री टाकतो.

हिंगणा_रोड

आत्ता मोजायला जातोय. बाबाही येतो म्हणाले रविवारी.